कुंतानं दिलेला कडूकांदा

आमच्या गावची कुंता ढिवरीण तोंडाची फटकळ, पण हाताची मोकळी. तळ्यातली मासोळी विकायला ती आलापल्लीजवळच्या छावणीत यायची. साल एकोणीसशे एकोणसाठ. पूर्व बंगालातून आलेली चाळीस निर्वासित कुटुंबं तिथं ताडपत्रीखाली पडली होती आणि मी तिथला कारकून. त्यांचं बोलणं आम्हाला कळेना, आमचं त्यांना. दुभाष्या पाठवा म्हणून मी तीन अर्ज केले. उत्तर एकच, पद मंजुरीला गेलं आहे. तेवढ्यावर मी हात झटकले, याची आजही लाज वाटते.

त्या लोकांतल्या अन्नपूर्णाशी कुंताची गट्टी जमली. मासोळी साफ करायला कुठं भाषा लागते? अन्नपूर्णा विधवा, पदरात तीन वर्षांची एकुलती मुलगी. कुंताला मूलबाळ नव्हतं. छावणीत आली की ती त्या पोरीला कडेवरून खाली उतरवायची नाही.

श्रावणात नाले भरले आणि धान्याची गाडी अडली. छावणीत उपास पडू लागले. आमच्याकडची माणसं अशा दिवसांत रानातला कडूकांदा नावाचा कंद खातात. तो विषारीच. चकत्या करून, टोपलीत घालून रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवायच्या आणि मगच शिजवायच्या, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. कुंतानं चकत्यांची टोपली अन्नपूर्णाला दिली. नाल्याकडे बोट केलं, टोपली पाण्यात बुडवल्यासारखं केलं. मग रात्र सांगायला गालाखाली हात घेऊन डोळे मिटले. अन्नपूर्णानं मान डोलावली. पोटभर खा आणि लेकीला निजव, असं काहीसं तिला वाटलं असावं. कुंता बाजाराला निघून गेली.

अन्नपूर्णानं कांदा नाल्यात खळबळून धुतला आणि लगेच शिजवला. पहिला घास लेकीला. ती ओकू लागली आणि आईचं जेवण तसंच राहिलं. दिवस मावळायच्या आत पोर गेली. छावणीत हगवण-वांतीची साथ होतीच. कंपाउंडरनं तेच लिहिलं, आईनंही तेच मानलं. कुंतानं मात्र परतल्यावर भांड्यात उरलेला शिजवलेला कांदा पाहिला आणि तो रात्रभर पाण्यात नव्हता हे ओळखलं.

त्यानंतर अन्नपूर्णा रोज तिच्या गळ्यात पडून रडायची. कुंता वाळत चालली. एकदा मला म्हणाली, "बाबू, थे मले धरून रडते, अन् मीनंच तिची पोरगी मारली. कसं सांगू तिले?"

"नको सांगू," मी म्हणालो. दुसरं काय सांगणार होतो?

दुभाष्या आला तो दिवाळी उलटल्यावर. बैल गेला आणि झोपा केला! कुंता अन्नपूर्णाला घेऊन तडक त्याच्यापुढे उभी राहिली. "सांगा तिले. काही लपवू नका."

कुंता बोलत गेली तसं त्यानं सगळं सांगितलं. अन्नपूर्णा ऐकत राहिली. मग तिनं एकच प्रश्न विचारला. दुभाष्या कुंताकडे न बघता म्हणाला, "ती विचारते, तुला ठाऊक होतं, तर एक रात्र माझ्याजवळ का थांबली नाहीस?"

अन्नपूर्णानं कुंताचा हात आपल्या खांद्यावरून काढला आणि ती ताडपत्रीआड गेली. पुन्हा ती कुंताजवळ आली नाही.

त्या दिवशी कुंता मला म्हणाली, "बाबू, आता तिच्यासंग रडाले कोन बसन?"