जॅकेट उलटं करून पाहणारा गजू

कपड्याच्या दुकानातला माल विकला जातो, किस्से मात्र कोणी नेत नाही, म्हणून ते साचत राहतात! अमरावतीत बसस्टँडमागच्या गल्लीत गजू आणि सलीमभाईंचं दुकान आहे. त्याच शटरच्या एका कोपऱ्यात माझं मोबाइल दुरुस्तीचं काउंटर. हात मोबाइलवर, कान तिकडे!

हुडी, जॅकेट, कॅप, स्नीकर असा सगळा 'स्ट्रीटवेअर' माल. एका रॅकवर ओरिजिनल, दुसऱ्यावर कॉपी. आणि कॉपीच्या रॅकवर ठळक पाटी: 'हे खोटं आहे.' पाटी गजूची. सलीमभाई तिच्यावर अजून चिडून आहेत.

गजू मूर्तिजापूरकडचा, शेतकऱ्याचा मुलगा. कोणतंही ब्रँडेड जॅकेट हाती आलं की तो आधी ते उलटं करतो. आतली शिलाई पाहतो, चेन वरखाली करतो, लेबल अंगठ्याने चोळतो. मग निकाल देतो. त्याचा निकाल चुकलेला मी पाहिला नाही. फक्त तो कुठे द्यायचा आणि कुठे गिळायचा, हे त्याला कळत नाही.

*

एकदा गल्लीतले एक पुढारी भाऊ पाच-सहा कार्यकर्ते घेऊन आले. अंगात परदेशी कंपनीचं जॅकेट, छातीवर सोनेरी पाखरू. "गजू, सांग बरं या पोट्ट्याईले, कसं आहे?"

सलीमभाई मागून नको नको करत होते. गजू म्हणाला, "भाऊ, खोटं आहे. खऱ्या पाखराचं तोंड डावीकडं असते. तुमचं उजवीकडं पाहून राहिलं!"

कार्यकर्ते एकमेकांकडे पाहू लागले. भाऊंनी महिन्यापूर्वीच पक्ष बदलला होता.

सलीमभाई पुढे झाले, "अरे, भाऊने पार्टी बदली, तो पंछी ने भी मुंह घुमा लिया!"

सगळ्यात आधी भाऊच हसले, म्हणून आम्ही वाचलो.

*

गजूचे वडील नामदेवकाका मधूनमधून गावाहून येतात. एका दुपारी दुकानात तेच होते. गजू परतला तर काउंटरवर दोन हुडी आणि काडेपेटी! काकांनी दोन्हींचा एकेक धागा ओढून जाळून पाहिला होता.

"याचा धागा वातीसारखा जळला. हे खरं," काका म्हणाले. "अन् हे पाहा, प्लास्टिकसारखं वितळलं. हे खोटं."

गजूने कपाळावर हात मारला. "बाबा, वितळलं ते ओरिजिनल आहे! परदेशातलं!"

"त्यात कापूसच नाही. कायचं ओरिजिनल?"

आयुष्यभर कापूस पिकवलेल्या माणसाला काय सांगणार? गजूने हुडीची घडी घातली आणि काडेपेटी खिशात टाकली.

*

हा किस्सा सांगताना मला अजून भरून येतं. धामणगावकडच्या एक मावशी आल्या. नऊवारी, आणि वरून काळी हुडी! पुण्याला नोकरीला लागलेल्या मुलाने पाठवलेली.

"बाप्पा, पाहा बरं, हे त्या महाग कंपनीचं हाय का?"

मी मनात म्हटलं, गजू, आज तरी गीळ! त्याने हुडी उलटी केली, शिलाई पाहिली, लेबल चोळलं.

"नाही मावशी. कॉपी आहे. स्वस्तातली."

मावशींनी डोळे मिटले. मला वाटलं, आता रडतात. तर म्हणाल्या, "बरं झालं माय! मले वाटलं, पोट्ट्यानं उपाशी राहून घेतली का काय!"

आणि हुडी घालून, टोपी डोक्यावर ओढून गेल्या. दोन्ही रॅक मिळून इतकी शोभलेली हुडी मी पाहिली नाही.

*

पण या खरेपणाने गजूचं लग्न अडलं होतं, हे मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. बोंडअळीने कापूस खाल्ल्यापासून गावाकडे शेती करणाऱ्याला कोणी मुलगी देत नव्हतं. गजूच्या बरोबरीची चांगली चांगली मुलं तशीच बसली होती. गजूला दुकान होतं म्हणून तरी बोलावणी यायची.

अकोल्याच्या पहिल्या बैठकीत त्याने मुलीच्या मामांना सांगितलं, "तुमचे बूट डुप्लिकेट आहेत." दुसरं स्थळ तर फोटोवरच मोडलं. फोटो पाहून आईने विचारलं, "कशी वाटली?" हा म्हणाला, "टी-शर्ट खोटा आहे." नेमकं तेव्हाच मध्यस्थ फोनवर होता!

आई रडायची. रात्री शटर ओढताना गजू एकदा मला म्हणाला, "मले बी घर पाहिजे रे. पण तोंडातून निघूनच जाते."

*

तिसरं स्थळ मोझरीजवळचं. मुलगी वैशाली नांदगाव पेठेच्या गारमेंट कंपनीत शिलाई मशीनवर. गजू, आई, सलीमभाई आणि मी निघालो. आईने गाडीतच बजावलं, "कपड्याईबद्दल एक शब्द बोलजो नको!"

आणि दार उघडायला मुलीचा भाऊ मंगेश. भर उन्हात अंगात ब्रँडेड जॅकेट!

"मुंबईचं आहे, ओरिजिनल," तो न विचारताच म्हणाला.

गजू दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला. जमिनीकडे पाहत राहिला. कपाळावर घाम. आई मनातल्या मनात देवाचं नाव घेत होती.

मंगेशला कुठून बुद्धी झाली! "तुमचं ब्रँडेडचं दुकान आहे म्हणे. पाहा बरं हे!" त्याने जॅकेट काढून थेट गजूच्या मांडीवर टाकलं.

हात आपोआप निघाले. जॅकेट उलटं झालं. गजू आतली शिलाई पाहत राहिला. इतका वेळ तो कुठल्याच कपड्याकडे पाहत नाही.

"खोटं आहे," तो म्हणाला.

आईने पदर तोंडाला लावला. मंगेशचा चेहरा पडला.

"पण असली शिलाई मी खऱ्यातबी नाही पाहिली," गजू हळूच म्हणाला. "ज्यानं शिवलं, त्याले दुसऱ्याचं नाव लावाची गरज नव्हती."

वैशाली चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबली होती.

"अन् कॉलर?" तिने विचारलं.

सलीमभाईंनी माझा हात घट्ट धरला. गजूने पहिल्यांदा मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मग कॉलरकडे. मग पुन्हा तिच्याकडे.

"कॉलर... थोडी चुकली."

"थोडी नाही, भल्ली चुकली," ती म्हणाली. "शिवताना या मंगेशनंच घाई लावली होती. चहा घ्या."