सात पायऱ्या राहिल्या की

माझी थोरली बहीण इंदूअक्का आषाढातल्या एका मंगळवारी सकाळी सहाच्या सुमारास कृष्णेच्या घाटावर, वरून तिसऱ्या पायरीवर, बसल्या जागी वारली. वय एकाहत्तर. डॉक्टरांनी कारण लिहून दिलं ते हृदयविकाराचं. त्या वेळी घाटाच्या एकवीस पायऱ्यांपैकी चौदा पाण्याबाहेर होत्या. हा आकडा तिची सून वैशाली हिनं मला निधनाच्या बातमीपाठोपाठ फोनवर सांगितला, मी न विचारता. मीही तो साताऱ्यातल्या माझ्या टेबलावर समोरच्या कागदावर लिहून घेतला. गेली काही वर्षं पावसाळ्यात त्या घरातून येणारा प्रत्येक फोन पायऱ्यांच्या आकड्यानंच सुरू व्हायचा.

आम्ही मूळचे विट्याजवळच्या एका कोरडवाहू गावचे. तिथली माणसं गलाईच्या धंद्यात आहेत, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या दुकानांत, देशभरातल्या शहरांत. यात्रेला आलेला चुलता परत जाताना एका पुतण्याला बरोबर नेई, पुढच्या वर्षी तो पुतण्या आणखी एकाला. सोयरीक जमवताना रानाआधी दुकान कुठल्या गावाला आहे हे विचारलं जाई. अक्का मात्र लग्न होऊन सांगलीजवळच्या नदीकाठच्या गावात गेली. तिथं पहिला प्रश्न मळीचं रान किती, हा. मळी म्हणजे पुरानं गाळ आणून टाकलेली काठाची जमीन. त्या गावातून सहसा कोणी जात नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात परड्यात पाणी शिरलं, तेव्हा अक्का एकोणीस वर्षांची होती. माहेरी आल्यावर मला म्हणाली, "आपल्या हिरीचं पाणी वाकून बघावं लागतंय. तिथलं समोरनं चालत येतंय रं, शिवा." हे सांगताना तिनं माझं मनगट धरलं होतं, आणि ते बराच वेळ सोडलं नाही.

तिला तिथून निघायचं होतं. हे ती लपवत नसे. दाजी, म्हणजे तिचे यजमान, जेवताना हसून सांगायचे, "हिच्या गावात कुत्रं सुदीक मद्रासला जाऊन येतंय. हिला वाटतंय आमी बी कुलूप लावावं." अक्का भाकरी थापता थापता म्हणायची, "आवं, कुलूप लावा म्हणत न्हाई. वर माळावर चार पत्रं ठोका म्हणतीया." त्यावर दाजींचं उत्तर ठरलेलं असे. पूर जाताना गाळ ठेवून जातो, त्या गाळात हळद आणि ऊस दोन्ही पिकतात, असं रान सोडून कुठं जायचं? बातमीदारीच्या काळात मी दोन्ही भागांत फिरलो. पुढं उपसा योजनेचं पाणी आमच्या गावाला आलं, शिवारात ऊस दिसू लागला, तरी आळीतली कुलपं निघाली नाहीत. तहानेनं माणसं गेली असं मी एकदा लिहिलं होतं. अक्कानं ते वाचून घेतलं आणि म्हणाली, "तेवढंच न्हाई रं. आपल्या लोकांच्या म्होरं कुणीतरी गेलेलं व्हतं, जाऊन उतरायला दार व्हतं. ह्यांचं कोण हाय बाहेर?" तिच्या या वाक्याला मला अजून दुरुस्ती सापडलेली नाही.

दाजींनी एका पुरानंतर सोप्यातल्या भिंतीवर, छातीच्या उंचीला, निळ्या ऑइलपेंटनं रेघ ओढली होती. पाणी इथवर आलं होतं, ही खूण. नदीकाठच्या घरांत अशा रेघा असतात. पुढच्या मोठ्या पुराच्या दिवशी सकाळी घरातल्यांनी हळदीची पोती, कागदपत्रं, टीव्ही, सगळं त्या रेघेच्या वर चढवलं आणि ते घरातच थांबले. अक्कानं मला फोन केला. मी पाटबंधारे खात्याकडून आलेला नदीच्या पातळीचा आकडा तिला वाचून दाखवला आणि पातळी अजून धोक्याच्या खाली आहे, असं सांगितलं. तो आकडा काही तासांपूर्वीचा होता, हे मी सांगितलं नाही. तिनं कुणाला न विचारता दोन्ही म्हशींची दावी सोडली आणि त्यांना गावाबाहेरच्या माळाकडं हाकललं. दुपारी पाणी रेघेला लागलं. दाजी म्हणाले, "बघ, थांबलं." ते थांबलं नव्हतं. घरची पाच माणसं स्लॅबवर चढली आणि तिसऱ्या दिवशी नाव येईपर्यंत तिथं राहिली. खालून भांड्यांचा एकमेकांवर आपटण्याचा आवाज येत होता, तोही दुसऱ्या दिवशी बंद झाला, असं वैशाली सांगते. म्हशी माळावर सापडल्या.

ओल सुकल्यावर दाजी नवी रेघ ओढायला ब्रश घेऊन उभे राहिले. अक्कानं डबा काढून घेतला. "पाण्याला रेघ वाचता येती व्हय?" तिनं विचारलं, आणि विळीनं जुनी रेघही खरवडून काढली. मग ती पिशवी भरून आमच्या गावच्या बंद घरी राहायला आली. दीड महिना राहिली. त्या आळीत संध्याकाळी तीन घरांत दिवा लागायचा. एकदा तिन्हीसांजेला तिचा फोन आला. "शिवा, हितं पाण्याचं भ्या न्हाई... पर हाक मारली तर ओ द्यायला कोन न्हाई रं." मी रविवारी येतो म्हणालो. त्याआधीच शुक्रवारच्या एसटीनं ती नदीकाठी परत गेली.

गेल्यावर तिनं दाजींना एक अट घातली. रोज सकाळी ती घाटाच्या मोकळ्या पायऱ्या मोजणार. सात राहिल्या की घर सोडायचं, कुणाला विचारायचं नाही, मला फोन करून पातळीही विचारायची नाही. दाजी म्हणाले, "बरं बाई." त्यानंतर मोकळ्या पायऱ्या नवाच्या खाली कधी गेल्या नाहीत. तरी मृगापासून तिची पिशवी दाराशी असे. झोपताना ती चपला उशाशी घेई, पुराच्या बातम्या लागल्या की आवाज बंद करून नुसतं चित्र बघे. दाजींची थट्टा चालूच होती. "आज किती, मास्तरीणबाई?" अक्का आकडा सांगून आत जाई.

तेराव्याला मी गेलो तेव्हा पिशवी दाराशीच होती. वैशालीनं ती उघडली. दोन लुगडी, रेशनकार्ड, टॉर्च, औषधं आणि म्हशींची जादा दावी. वैशालीनं सगळं परत आत ठेवलं. आता मोजायचं कुणी, हे मला विचारायचं होतं, पण दाजी समोर बसले होते. त्यांचं लक्ष भिंतीवरच्या खरवडलेल्या जागेकडं होतं. ते एवढंच म्हणाले, "ही व्हती तवा मला भ्या वाटायचं न्हाई. तिच्याकडंच व्हतं समदं."

गेल्या आठवड्यात घाटमाथ्यावर सलग चार दिवस पाऊस झाला आणि वरच्या धरणांतून पाणी सोडण्यात आलं. बुधवारी वैशालीचा फोन आला : अकरा. गुरुवारी सकाळी : नऊ. त्या दिवशी दुपारी मी स्वतः फोन केला. दाजी काय म्हणतात, असं विचारलं. घाटाकडं तोंड करून बसलेत, ती म्हणाली. शुक्रवारी सकाळी माझ्याकडं ताजा आकडा होता, पातळी धोक्याच्या खाली होती. मी तो कुणाला कळवला नाही.

सव्वासातला फोन वाजला.

"मामा, सात. आमी कुणी मोजाय गेलो न्हाई, तुमचं दाजीच पावसात जाऊन मोजून आलं. म्हशी सोडल्यात. ट्रॉली जोडत्यात."