तिच्या मुठीची ताकद

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावच्या अलीकडच्या एका गावात मी एका पोरीचा हात चुकीचा मोजला, आणि मोजतानाच मला कळत होतं की चुकतंय.

मी तेव्हा अपंग मुलांचा फिरता शिक्षक होतो. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. जन्मताना मेंदूला इजा होऊन हातपाय ताठरलेली मुलं गावोगाव शोधायची, त्यांच्या हातात रोजच्या कामापुरती ताकद किती ते पाहायचं, आणि फार कमजोर हाताची मुलं हिंगोलीच्या शिबिराला न्यायची. तिथं हाडांचे डॉक्टर यायचे. हाताला पट्ट्या करून द्यायचे, कुणाचं ऑपरेशन ठरायचं. जागा थोड्या असत. कोण जाणार ते माझ्या शब्दावर.

साधन म्हणजे रक्तदाबाचं यंत्र. त्याचा कापडी पट्टा गुंडाळून, थोडी हवा भरून लेकराच्या मुठीत द्यायचा. ते दाबेल तसा काटा सरकतो. मग भरला तांब्या उचलून ओट्यावर ठेवायला लावायचं, डब्याचं झाकण काढायला लावायचं. प्रशिक्षणात बजावून सांगितलं होतं की लेकरू बिचकलं की अंग आणखी ताठतं. आधी त्याला खेळू द्या. मूठ आपणहून उघडते का पाहा, मगच दाबायला सांगा.

त्या दिवशी सकाळपासून फिरून मी पार शिणून गेलो होतो. पोरगी सहा-सात वर्षांची, उजवा हात छातीशी मुडपलेला. आईनं तिला मांडीवर घट्ट धरलं होतं. अंगणात निम्मं गाव गोळा झालेलं, आणि फाट्यावर जीपवाला हॉर्न देत होता. मी पोरीची मूठ उकलली, पट्टा आत सारला आणि म्हणालो, "दाब."

काटा झपकन वर गेला.

"अरं बाप्पा!" तिचा चुलता हसला. "पैलवान हाय की पोरगी! जत्रंत कुस्तीला उतरवा हिला."

"बराबर मोजलं ना, सर?" बापानं विचारलं.

"ताकद आहे हातात," मी म्हणालो. "काम करू द्या. जमेल तिला."

काटा ताकदीनं हललाच नव्हता. भीतीनं आखडलेल्या स्नायूंनी तो हलवला होता. पट्टा बाहेर काढायला मला तिचं एकेक बोट उचकटावं लागलं, तेव्हाच हे मला कळलं. तरी मी यंत्र पिशवीत भरलं. तांब्या पुढे ठेवायचा राहूनच गेला. निघताना आईनं माझ्या हातावर गूळ-शेंगदाणे ठेवले, तर तेवढं थांबावं लागलं याचाही मला राग आला.

शिबिराला दुसरं लेकरू गेलं. त्याचा फायदा झाला, असं मी स्वतःला बरेच दिवस समजावत होतो.

पुढं माझ्याकडं कनेरगाव नाक्याकडची गावं आली आणि हा भाग सुटला. त्या घरी परत गेलो तोवर पोरगी चांगली मोठी झाली होती. बाप ओट्यावर तंबाखू मळत बसला होता, चुलता शेजारी.

"या सर. आता तुमीच सांगा हिला," बाप म्हणाला. "तुमी म्हणले होते ना, ताकद हाय म्हणून? अन् ही बादली धर म्हणलं की हात आवळून बसती. काहून असं करून राहिली, काय माहीत. नुसती आळशी."

"नाटकं हायेत सारी," चुलता म्हणाला.

आई चुलीपाशी होती. तिनं मान वर केली नाही.

मी पोरीचा हात पाहिला. मनगट पार आत वळलं होतं. मिटलेल्या मुठीत पाणी शिरत नव्हतं, त्यामुळं तळहाताची कातडी पांढरी पडली होती, वास येत होता. तिनं माझ्याकडं पाहिलं.

"दाबता येते सर. सोडता येत न्हाई."

"बघा," बाप म्हणाला. "तोंड कसं चालून राहिलं! तिथं भरपूर ताकद हाय."

चुलता हसला. मीही थोडा हसलो, हे लिहायला नको वाटतं, पण हसलो.

तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. सर चुकले म्हणून गावात झालं असतं, दुसरं काय? पण मी म्हणालो, "प्रयत्न करत जा, बाई." आणि समोर आलेला चहा प्यालो.

शिबिराला नेलं असतं तर तिचा हात सुधारला असता का, मला सांगता येत नाही. सगळ्यांचे सुधारले नाहीत. पण घरात रोज उठून तिनं आळशी म्हणून बोलणी खाल्ली ती माझ्या शब्दावर. बाप वाईट नव्हता. त्यानं शिकलेल्या माणसावर विश्वास ठेवला.

त्यानंतर मी अजून त्या घरी गेलेलो नाही. तिच्या बापाला आणि चुलत्याला समोर बसवून, तिच्या देखत सांगायचं आहे की ही पोरगी कधीच आळशी नव्हती, मी खोटं बोललो होतो. एवढं मी तिचं देणं लागतो.