तणस पांढरं पडलं, पण आईचा चेहरा आला

मंडळी, गिरजाबाईंचा चेहरा फिल्मवर नीट उतरला आहे. आमच्या डार्करूमच्या रामाजींनी आत्ताच निगेटिव्ह उजेडात धरून सांगितलं.

कुडव्याच्या गिरजाबाईंची मुलगी उद्या आमगावला सासरी जाते. तिला आईचा फोटो सोबत हवा आहे. मेळ्यात काढलेल्या एकुलत्या एका फोटोत आईचा चेहरा पार काळा आला होता.

"आताबी मले कोळसा करून राहिला का गा, बाबू?" गिरजाबाईंनी फोटोला बसताबसता मला विचारलं. मुलगी पावडर घेऊन आली. "नवरी तू हायेस, मी नाही," म्हणत त्यांनी तिला पिटाळलं.

मागे उन्हात तणसाचा, भाताच्या पेंढ्याचा, ढीग चमकत होता. दुरून उजेडाचं मीटर ती चकाकीच मोजत होतं. म्हणून मी ते गिरजाबाईंच्या गालाजवळ नेलं आणि ते तिथे सांगेल तेवढा जास्त उजेड फिल्मला दिला, मागचं तणस पांढरं पडलं तरी चालेल म्हणून.

अशा उन्हात तुम्ही मीटर कुठे धरता?

प्रिंट सकाळपर्यंत वाळेल. आमगावची गाडी सुटण्याआधी ती मुलीच्या पेटीत जाईल.