कावळ्यांनी ओळखलेलं तोंड

जानेफळचा कय्यूम पिंजारी रोज सकाळी शीळ घालून कावळ्यांना शिळी भाकर चारायचा. शेजारचा बियाणेवाला अर्जुनराव त्याला हसायचा, अन् दुकानाची पाटी घाण करतात म्हणून कावळ्यांना गलोलीनं गोटे मारायचा. बीटी कपाशीला बोंडअळी लागतच नाही, असं सांगून यानंच गावभर बियाणं खपवलं होतं. अळीनं बोंडं पोखरली, तर म्हणे तुमची जमीनच खोटी! त्याला पाहिलं की कय्यूमला थुंकावंसं वाटे.

अर्जुनरावाचा बाप वारला. दहाव्याला नदीवर पिंड मांडला, पण कावळा शिवेना. म्हाताऱ्याला नाना गोष्टी कबूल करून अर्जुनराव थकला. शेवटी कय्यूमला बोलावणं गेलं. त्यानं शीळ घातली. कावळे आले, पण अर्जुनराव दिसताच कलकलाट करत बाभळीवर जाऊन बसले.

"अर्जुनराव, तुम्ही झाडाआड व्हा. त्याईले तुमच्या बापाचा राग नाही."

अर्जुनराव आड झाला, अन् पिंडावर झुंबड उडाली.

कय्यूम जमलेल्या लोकांकडे वळला. "पाह्यलं? गोटा खाल्लेला कावळा तोंड इसरत नाही. तुम्ही मात्र पेरणी आली की याच्याच दुकानासमोर रांग लावसान."