अप्पा काय म्हणाले

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. पाच वर्षं पोटात ठेवलंय, आणि पोट काही दुखलं नाही, हेही आधीच सांगून टाकतो. जेवतो, झोपतो, व्हाइटफील्डला ऑफिसात जातो. अशा माणसाचं तुम्ही काय ऐकून घ्याल? तरी ऐका.

इथल्याच शिवाजीनगरात अप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, स्कूटरच्या सीटा शिवायचा कारखाना होता. कारखाना कसला — दोन खोल्या, चार मशिनं, पाच माणसं. मी इंजिनिअर होऊन त्यातून अंग काढून घेतलं. माझी थोरली बहीण, अक्का, तिथंच राहिली. लग्न केलं नाही. गाडीचं नाव सांगितलं की माप न घेता रेक्झिन कापायची. पगार? घरच्या माणसाला कुणी पगार देतं का? तिनं मागितला नाही, अप्पांनी दिला नाही, आणि मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

मग अप्पांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं — इतकं, की ते फक्त अक्काला आणि मला कळायचं. त्यांच्या पुढच्या दिवसांची सोय लावायची म्हणून मी कोरमंगलाहून एक सल्लागार बाई घरी बोलावल्या. गुंतवणूक, निवृत्ती, धंद्याचं पुढे काय — असल्या कामातल्या. अक्का त्या सकाळी कारखान्यात होती, माल जायचा होता. म्हणजे दुभाषा मी एकटाच.

बाईंनी विचारलं, कारखाना विकायचा, की घरातलं कुणी पुढे चालवणार?

अप्पा म्हणाले, "अक्काला दे. तिचाच आहे तो."

मला नीट ऐकू आलं. आणि बाईंकडे बघून मी सांगितलं — विकून टाका म्हणतायत.

का? विकून येणारा पैसा गुंतवला की अप्पांचं औषधपाणी दरमहा परस्पर सुटत होतं. कारखाना अक्काकडे राहिला आणि उद्या बुडाला, तर तो खर्च माझ्या अंगावर येणार होता. फ्लॅटचे हप्ते चालू होते. एवढंच. आणि — हे सांगायला नको वाटतं — उत्तर देताना अप्पांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला कारखाना नकोच होता. तरी ते लागलं.

अप्पांच्या कानांना काही झालेलं नव्हतं. मी काय सांगितलं ते त्यांनी ऐकलं. माझ्याकडे बघितलं, मग भिंतीकडे. महिन्याभरानं कागदांवर डावा अंगठा लावला. पुढे दोन वर्षं जगले. अक्का त्यांना भरवायची, पुसायची, त्यांचं सगळं बोलणं तिला कळायचं. एका वाक्यात सांगू शकले असते. नाही सांगितलं. मला सांभाळून घेतलं, की माझा नादच सोडला? मला माहीत नाही. विचारायचं धाडस मी केलं नाही.

अक्काला मी सांगितलं, अप्पांची तशी इच्छा आहे. तिनं त्यांना एकदाही विचारलं नाही. ती विचारणाऱ्यातली नाही. आता ती त्याच खोलीत नव्या मालकाकडे रोजावर जाते. बाईंनी करून दिलेल्या त्या जाड फाइलमध्ये तिच्या म्हातारपणासाठी एक पानही नव्हतं.

इथवरचं कदाचित तुम्ही समजून घ्याल. स्वार्थ सगळ्यांना कळतो. पुढचं मलाही कळलेलं नाही.

अप्पांचं तेरावं होऊन महिना झाला असेल. एका दुपारी मी अक्काकडे जेवायला गेलो होतो. वाढता वाढता तिनं विचारलं, "त्या दिवशी अप्पांनी माझं नाव तरी काढलं होतं काय रे?"

कारखाना विकून झाला होता. अप्पा गेले होते. हप्ते फिटत आले होते. आता 'हो' म्हणण्यात माझं काय जाणार होतं? तेवढंच म्हटलं असतं तरी तिला पुरलं असतं.

"नाही," मी म्हणालो.

"सरी," ती म्हणाली, कानडीत, 'बरं' म्हणावं तसं, आणि भात वाढला. मी जेवलो. सार परत मागून घेतलं.