आमच्या ओसरीवरच्या चित्रातली केळ

अन्याय झाला तो माझ्या थोरल्या बहिणीवर. तिच्या नवऱ्याच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी, कल्याणात, आमच्याच घरी. करणारे आमचे वडील. ताई तेव्हा पंधरा वर्षांची होती.

संक्रांतीला ती माहेरी आलेली, तेव्हा वडिलांनी मुंबईचा चितारी बोलावून परसात सगळ्यांचं तैलचित्र काढायला घेतलं. वडील खुर्चीत, शेजारी आई, आईचा हात ताईच्या खांद्यावर, ताईच्या वेणीत अबोली. ती सासरी परतली आणि चित्र पुरं होतं न होतं तोच तिचा नवरा पटकीने गेला. दहाव्याला तिचे केस उतरवले. तेरावा उरकताच सासरच्यांनी तिला आमच्याकडे पोचती केली.

चितारी अजून गावातच होता. वडील त्याला म्हणाले, चित्र ओसरीवर लावायचंय, आल्यागेल्याला आधी विधवेचं तोंड दिसायला नको. त्याने ताईवर केळ रंगवली. आईचा हात तेवढा तसाच ठेवला.

गेल्या महिन्यात ठाण्याचे एक वकील आले. सुधारणेवर व्याख्यानं देतात. चित्रापुढे उभे राहून अर्थ सांगू लागले. केळ म्हणजे वंशवृद्धी, उतरतं ऊन म्हणजे तृप्ती, आणि गृहिणी झाडालासुद्धा लेकरासारखं कुरवाळते आहे. वडील मान डोलावत होते.

मी म्हटलं, "तो हात झाडावर नाही, वकीलसाहेब. माझ्या बहिणीच्या खांद्यावर आहे. ती आत तांदूळ निवडते आहे."

वकिलांनी सुपारी मागितली.

ते गेल्यावर मी सुरी घेऊन केळ खरवडायला उभा राहिलो. ताई माजघराच्या दारात आली. बोडक्या डोईवर विधवेचा लाल पदर.

"अरे, नको खरवडूस. तिथे मागे माझे केस आहेत. मला उघडी केलीस, तर पुन्हा चितारी बोलावतील आणि आता काढतील ती अशी, बोडकी काढतील."

विधवांचे केस उतरवू नका म्हणून मी अशी पत्रकं लिहितो, छापतो, बाजारात वाटतो. घरात मात्र मी सुरी खाली ठेवली. डोक्यावर जरा खुंट आले की न्हावी मागच्या दाराने पुन्हा येतो, आणि ती मान खाली घालते.

तेव्हा वाचणाऱ्या, हळहळू नकोस. तुझ्याही घरात अशी कुणी असेल. उद्या न्हावी आला की दारात आडवा हो आणि त्याला परत पाठव. वडील समोर असले तरी.